उखाण्याबाहेरचं नाव

“नागू, मेल्या, घरी ये!”

पळसदरीच्या धरणाकडून ही हाक आली, तेव्हा निलेश अंगणात टेंपोचा मागचा फाळका पाडत होता. त्याचा हात जागीच थांबला. नागू म्हणजे त्याचे वडील. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. आणि हाक मारत होती ती त्याची आई, इंदूबाई.

म्हणजे भिसेगावात कानावर आलं ते खरं होतं. म्हातारी रोज संध्याकाळी धरणावर उभी राहून मेलेल्या नवऱ्याला हाका मारते. आवाज असा, की घाट चढणारी मालगाडी एकदा हिरवा सिग्नल असून थांबली. इंजिनातल्या माणसाचं नावही नागूच निघालं. मालगाडीचं निलेशनं सोडून दिलं. पण आईचं डोकं फिरलं असेल तर तिला इथं एकटं ठेवणं बरं नव्हे, म्हणून तो टेंपो घेऊनच आला होता. भिसेगावच्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, तिच्यासाठी खोलीसुद्धा रिकामी केली होती.

इंदूबाई आली ती धापा टाकत, पण ताठ. तिच्या पुढं एक बोकड होता.

“ह्यो नागू,” ती म्हणाली. “शेजारच्या सोनुबाईनं दिला, सोबतीला.”

आई शहाणी आहे हे कळून निलेशला हायसं वाटलं. मग तो चिडला. बोकडाला बाबांचं नाव? लोक काय म्हणतील?

इंदूबाईनं नुसतं बोट दाखवलं. हनुवटीखाली दाढी, डोळे अर्धे मिटलेले, तोंड एकसारखं चालू. निलेशनं नजर वळवली. बाबा ओट्यावर अगदी असेच बसायचे. काही विचारलं तर उत्तर नाही. आईच आतून सांगायची, “तोंडात तंबाखू हाय त्यांच्या.”

ते गेल्यावर तिनं अंथरूण धरलं होतं. फोनवर ‘हं’च्या पुढं शब्द नाही. कर्जतच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं; गोळ्या फळीवर राहिल्या आणि ती अंथरुणावर. मग हा आला. ह्याला पाला लागतो, पाणी लागतं, दिवसातून दोनदा धरणाकडं उधळायला लागतं, आणि मागं धावायला कुणीतरी लागतं. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी म्हणे तिचं बीपी दोनदा मोजलं आणि तिसऱ्यांदा स्वतःचं, यंत्र बिघडलंय का बघायला.

“मग नाव तरी बदल,” निलेश म्हणाला. “नाहीतर चल माझ्याबरोबर.”

“पन्नास वर्सं त्यांचं नाव उखाण्यात घेतलं, ते बी मोजून पाच येळा,” इंदूबाई म्हणाली. “बाकी नुसतं अवो. आन् अवो म्हणून कदी पयल्या हाकेला वळले नाय रं. आता पोटभर घेते नाव. ह्यो वळतो बी.”

एवढ्यात बोकड फाळक्यावरून टेंपोत गेला, तिथून उडी मारून केबिनच्या टपावर, आणि ताडपत्रीचा दोर चघळू लागला. निलेशनं संधी साधली. नाव बदलून दाखवायचंच. त्यानं राजा म्हणून हाक मारली, मोती म्हणून मारली, शेवटी हुर्र केलं. बोकड ढिम्म. सोनुबाई आपल्या ओट्यावर येऊन बसली. धरण बघायला आलेली दोन मुंबईची माणसंही कुंपणापाशी थांबली.

“नाव घे की,” इंदूबाई म्हणाली.

निलेशनं तोंड उघडलं. जीभ ‘ना’वरच अडली. बापाचं नाव, तेही अरे-तुरे करून, ह्या अंगणात त्यानं कधी घेतलं नव्हतं. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“बाबा, उतरा खाली.”

बोकड उतरला.

सोनुबाईनं पदर तोंडाला लावला. इंदूबाई हसली नाही. तिनं आत जाऊन निलेशसाठी चहा टाकला, आणि तो पिऊन होईपर्यंत भिसेगावला जायचा विषय कुणीच काढला नाही. मग निलेशनं रिकाम्या टेंपोचा फाळका वर करून कडी लावली.

“येतो, आई,” तो म्हणाला. टेंपो सुरू केला. मग सवयीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“येतो, बाबा.”

आणि तो क्षणभर उत्तरासाठी थांबला. ओट्यावर बोकडाचे डोळे अर्धे मिटले होते, जबडा सावकाश फिरत होता.

इंदूबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

“तू नीघ,” ती म्हणाली. “तोंडात पाला हाय त्यांच्या.”