भावोजींचं इंजेक्शन

भावोजींची लाथ ताईच्या बरगडीत बसली आणि धाकटीचं वाक्य "कुल्ल्याचे चार भाग कल्पावेत" इथेच तुटलं.

भावोजी हाताने मारत नसत. हात मोटारी दुरुस्त करायला लागत. मारायला उजवा पाय राखून ठेवलेला. वर्षभरात एक दात, दोन बरगड्या आणि पोटातलं तीन महिन्यांचं बाळ, एवढी त्या पायाची कमाई.

ते आंघोळीला गेल्यावर धाकटी कुजबुजली, "जीव घेईल हा एक दिवस. चल, निघून जाऊ."

"मागच्या वेळी स्टँडवरून केसांना धरून आणलं, विसरलीस?" ताईने बरगडी हाताने दाबून धरली. "परवा तुझी नर्सिंगची परीक्षा. पाठ म्हण, मी पुस्तक धरते."

धाकटी ढ नव्हती. हात कसे धुवायचे, वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण का लावायचं नाही, सगळं घडाघडा सांगे. पण इंजेक्शनच्या जागेचे ते चार भाग आले की तिचं गाडं अडे. आपली उजवी की पेशंटची? उभ्याची की पालथ्याची? ट्यूटर मॅडम म्हणाल्याच होत्या, "बाई, तू कुणाला तरी लंगडं करणार!"

"कुणासमोर पाठ म्हणतेस?" भावोजी बाहेर येत हसले. "तुझी ताई चौथी नापास. चित्रं बघते ती."

आज त्यांचं आठवड्याचं ताकदीचं इंजेक्शन होतं. दवाखान्यात कोण जाणार? घरात नर्स पोसलेली.

ते पलंगावर पालथे पडले. "आणि ऐक. मला दुखलं, तर तुझ्या बहिणीला दुखेल."

धाकटीने औषध भरलं, हवेचा बुडबुडा काढला, स्पिरिटचा बोळा हातात घेतला. आणि नेमके चारही भाग तिच्या डोळ्यांपुढे गरगरले.

"ताई... वरचा ना? की आतला?"

"अगं, आत्ताच तर म्हटलंस." ताईने जरा खाली, आतल्या अंगाला बोट टेकवलं. "इथे. उजवीकडेच दे, डावीकडे मागच्या सुईची गाठ आहे."

सुई गेली. भावोजी वीज बसल्यासारखे किंचाळले. उठून त्यांनी धाकटीचा गळा धरला, भिंतीवर डोकं आपटलं, लाथ मारायला गेले, पण उजवा पाय उचललाच नाही आणि ते धाडकन पडले.

डॉक्टरांनी तपासलं. नस दुखावली होती. पाऊल लोंबतच राहील, कदाचित कायमचं. मॅडमनी धाकटीला वर्गासमोर उभं करून सोलून काढलं. सोमवारी फेरपरीक्षा; चुकली तर घरी.

भावोजी आता पलंगावरून शिव्या देत, तांब्या भिरकावत. तो ताईपर्यंत पोचत नसे.

धाकटी ताईच्या मांडीत तोंड खुपसून रडली. "मी तुझा संसार लंगडा केला गं. मला काही येत नाही."

"पूस डोळे. ऊठ, पाठ कर माझ्याकडे." ताईने तिला वळवलं आणि कमरेखाली, बाहेरच्या अंगाला, नेमकं बोट ठेवलं. "बाहेरचा, वरचा भाग. खाली आत सरकलीस की पायात उतरणारी मोठी नस. मला तर पहिल्याच दिवशी पाठ झालं होतं."