खिडकीतला कप

तिचं काम शवविच्छेदनाचं, म्हणून घरात तिचा कप वेगळा. कान तुटलेला, हिरवा, आणि कपाटात नव्हे तर खिडकीत ठेवलेला.

"अहो आई, हातमोजे असतात. वर अंघोळ करून येते मी," असं ती लग्नापासून सांगत आली होती. सासूबाईंचं उत्तर ठरलेलं. "साबणाने मळ जातो गं बाई, मेलेलं माणूस जात नाही." त्यावर ती हसायची आणि हिरवा कप उचलायची.

मग सासूबाईंची थोरली बहीण अपघातात गेली आणि नेमकी तिच्याच टेबलावर आली. तपासणी संपल्यावर तिने मावशींचा चेहरा पुसला, केस विंचरून वेणी घातली आणि मगच त्यांना घरच्यांच्या हवाली केलं. ती वेणी बघून सासूबाई ढसाढसा रडल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः चहा केला आणि कपाटातल्या फुलाफुलांच्या कपात ओतून तिच्यापुढे ठेवला.

"आजपासून ह्यातच प्यायचा. माझंच चुकत होतं, पोरी."

तिने शेवटच्या घोटापर्यंत चहा संपवला. कप उकळत्या पाण्याने धुतला, पुन्हा धुतला, पुसला आणि कपाट उघडलं. आत नवऱ्याचा, मुलीचा, सासूबाईंचा असे कप ओळीने पालथे होते.

"अगं ठेव की, बघत काय बसलीस?" सासूबाई मागून म्हणाल्या.



खिडकीत आता दोन कप असतात, हिरवा आणि फुलाफुलांचा.