तेराशे चाळीस ग्रॅम

“मान, बाई, मान. मान धरा तिची,” फोटोग्राफर कॅमेऱ्याआडून म्हणाला.

खुर्चीतल्या बाईने हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला. तिच्या मांडीवर बाहुली डोकं टाकून पडली होती. बाहुली कसली, कुणीही फसावं असं बाळच ते. पापण्यांवर निळसर शिरा, तांदळाच्या कणीएवढी नखं, टाळूवर एकेक केस टोचून बसवलेलं जावळ. नवजात बालकांच्या वॉर्डातल्या एक वयस्कर सिस्टर या बाहुल्या घरी, हाताने करत. अंगात बारीक वाळू भरत. आजही फोटोआधी त्यांनी बाहुलीच्या पाठीची शिवण उसवली, चार चमचे वाळू आत टाकली आणि तिला काट्यावर ठेवलं. तेराशे चाळीस ग्रॅम.

“कालच्यापेक्षा तीस ग्रॅम जास्त,” त्या समाधानाने म्हणाल्या आणि शिवण घातली.

बाहुलीचं वजन वाढतं म्हणे. फोटोग्राफरने मनातल्या मनात कपाळाला हात लावला.

त्याचं डोकं आधीच फिरलेलं होतं. बाळाला कसं धरावं याची पुस्तिका काढायची आहे, असं सांगून सिस्टरनी त्याला पहिल्यांदा बोलावलं, त्याला वर्ष होत आलं. ही सहावी खेप. दर खेपेला नवी बाहुली, नवी बाई आणि शेवटी फोटो नापसंत. पंचवीस वर्षं कॅमेरा धरलेल्या माणसाला हे लागणारच. आज नापसंत झाले तर या इस्पितळाची पायरी पुन्हा चढायची नाही, असं तो घरी सांगून आला होता. “मागच्या खेपेलाही हेच म्हणाला होतात,” बायको म्हणाली होती.

“हात ढिला सोडा,” तो म्हणाला. “काय काचेचं भांडं आहे का ते?”

“माझा आत आहे,” बाई म्हणाली. “काचेच्या पेटीत. बत्तीस दिवस झाले. डॉक्टर चार दिवस मागे लागलेत, छातीशी घ्या, त्याला तुमची ऊब हवी. मला नाही होत. माझ्या हातून निसटेल तो.”

फोटोग्राफरला कळे ते उजेडातलं. त्याने खिडकीचा पडदा थोडा सरकवला.

“ही बाहुली आहे,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “निसटली तर मी उचलीन. अंगठा कानामागे घ्या. बोटं पसरा. हां, अशी.”

चाळीसएक फोटो झाले. हळूहळू बाईचं त्याच्याकडे लक्षच राहिलं नाही. एकदा तर ती उलट खेकसली, “थांबा हो जरा, अवघडलीय ती.”

एवढ्यात बाहेर कुणाच्या तरी हातून स्टीलचा ट्रे पडला. बाई दचकली. गुडघा हलला, बाहुली घसरली आणि फोटोग्राफरचं बोट बटणावर दाबलं गेलं. त्याने मान वर केली तेव्हा बाहुली बाईच्या छातीशी होती. मानेखाली तळहात, कानामागे अंगठा. बाई आपल्याच हाताकडे, तो दुसऱ्या कुणाचा असावा तशी बघत होती.

“झालं,” सिस्टर म्हणाल्या. त्यांनी बाहुली टेबलावर ठेवली आणि बाईच्या पाठीवर हात ठेवून तिला घेऊन गेल्या.

फोटोग्राफरने तो शेवटचा फोटो पाहिला. पार हललेला. सिस्टरनी नाक मुरडण्याआधी आपणच सांगितलेलं बरं, म्हणून तो मागोमाग गेला आणि वॉर्डाच्या काचेशी थांबला.

आत बाई आरामखुर्चीत रेलून बसली होती. तिच्या छातीवर, दुलईबाहेर, मुठीएवढं एक डोकं दिसत होतं. मानेखाली तळहात, कानामागे अंगठा.

सिस्टर बाहेर आल्या.

“फोटो हलला,” तो म्हणाला. “पुस्तिकेत नाही चालायचा.”

“पुस्तिका नाहीच आहे,” सिस्टर म्हणाल्या. “बाळाला घे म्हटलं की यांचे हात मागे जातात. बाहुलीचा फोटो काढायचाय म्हटलं की पुढे येतात. वजन मात्र बाळाचंच असतं, त्या दिवशीचं.”

त्याला आधीच्या पाच जणी आठवल्या. त्यांनाही सिस्टर अशाच आत घेऊन गेल्या होत्या. तो तेव्हा वायरी गुंडाळत बसला होता.

“आणि माझे फोटो?”

“एकूण एक जपून ठेवलेत. पण पसंत आहेत म्हटलं असतं, तर तुम्ही परत कशाला आला असता?” सिस्टर जरा ओशाळून हसल्या. “सोमवारी जुळ्यांची आई आहे. दोन बाहुल्या शिवायला घेतल्यात.”

फोटोग्राफरने काचेतून पुन्हा एकदा आत पाहिलं.

“आजचेही नापसंतच धरा,” तो म्हणाला.