दाराजवळची खोली

सत्त्याण्णवच्या मार्चात नूतनची इंग्रजीची परीक्षा होती. लिंबायतच्या त्यांच्या एका खोलीच्या घरात ती कुठलीशी तीनेकशे वर्षांपूर्वीची ख्रिस्ती धार्मिक कविता घोकत बसली होती. शेजारी तिची आई मालतीबाई सेठनं मजुरीला दिलेल्या साडीवर टिकल्या शिवत होत्या. एकादशी कधी न मोडणारी, सांडलेली टिकलीसुद्धा वेचून सेठला परत करणारी बाई.

"काय वाची ऱ्हायनी व?" त्यांनी विचारलं.

"देवाचीच कविता आहे, माय. शेवटच्या दिवशी देव सगळ्या मेलेल्यांचा निवाडा करतो." नूतन आईला कळेल असं सांगत सुटली. "नाव ठेवायच्या आधीच गेलेली तान्ही बाळंही तिथं उभी असतात. म्हणतात, आम्ही काय केलं? देव म्हणतो, नियम तो नियम, तुम्हाला स्वर्ग नाही. पण लहान आहात, म्हणून नरकातली दाराजवळची खोली देतो. तिथं धग कमी लागते."

मालतीबाईंची सुई थांबली.

नूतनला फार उशिरा आठवलं. तिच्याआधी एक भाऊ झाला होता. बारशाच्या आदल्या दिवशीच गेला.

तिनं घाईघाईनं पुस्तक मिटलं. "माय, ते त्यांच्या धर्मातलं आहे गं. आपल्यात तसं काही नसतं."

मालतीबाईंनी साडी बाजूला सारली.



"त्या खोलीमा मायले जानं व्हई, तं कोनतं पाप करनं पडी व?"