पुढचा शब्द

"हे स्वर्गीय..." कांताबाईंनी सुरुवात करून दिली.

"हे स्वर्गीय..." शिल्पा म्हणाली आणि अडली.

"पिता. म्हण ना गं. हे स्वर्गीय पिता."

शिल्पानं ओठ घट्ट मिटून घेतले. सहा वर्षांची चिमुरडी, पण हट्टाला पेटली की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही. अहो, ब्रह्मदेव कसला, इथं तर साक्षात प्रभू येशूचीच डाळ शिजत नव्हती!

"आजी, तुम्ही म्हणा तो वर्ड. मी पुढची म्हणते."

आणि पुढचं सगळं ती घडाघडा म्हणायची. दिवसभर सांभाळलंस, अन्न दिलंस, ममा-डॅडींना सुखरूप घरी आणलंस, आमेन. नगरला त्यांचे यजमान यादवराव रोज संध्याकाळी घरादाराला बसवून हीच प्रार्थना म्हणायला लावत. त्यांच्यामागं ती लंडनमधल्या स्टॅनमोरच्या या घरात रुजावी, एवढीच कांताबाईंची इच्छा होती. ख्रिसमस आठवड्यावर आला होता. वेम्बलीच्या हॉलमध्ये मराठी मंडळींची उपासना होती आणि प्रार्थना शिल्पा म्हणणार, असं त्या पाळकसाहेबांना सांगून बसल्या होत्या. आता पोरगी ऐन वेळी तोंडघशी पाडणार की काय!

रेखा दारातून सगळं बघत होती. ही त्यांची सून. तिनं पुढं होऊन शिल्पाला उचललं. "आई, आज पुरे. तिची झोपायची वेळ झाली."

हल्ली हे असंच. आजी-नातीला घटकाभर एकटं सोडायची नाही. मागं एकदा दुपारी कांताबाईंचा सोफ्यावर डोळा लागला आणि शिल्पा शाळेच्या गेटवर ताटकळत राहिली. तेव्हापासून रेखा ऑफिसातून अर्ध्या दिवसानं घरी येते. म्हातारपणी माणसाचा डोळा लागतो, त्याचं केवढं ते अवडंबर! कांताबाई मनातल्या मनात चरफडल्या. इथल्या थंडीनं छातीत घर केलं होतं. खोलीत जाऊन त्यांनी खोकल्याचं औषध घेतलं, दाढेखाली लवंग धरली आणि पडून राहिल्या.

खाली स्वयंपाकघरात नवरा-बायकोची कुजबुज चालू होती. कांताबाईंना इंग्रजी फारसं कळत नसे, पण एवढं कळलं.

"या ड्रिंकिंगपायी माझी मुलगी बिघडेल, राजीव. ख्रिसमसनंतर मला नाही जमणार."

राजीवनं नळ बंद केला. मग म्हणाला, "बघतो तिकिटाचं."

कांताबाई अंथरुणात उठून बसल्या. म्हणजे राजीव पितो! शुक्रवारी ऑफिसातल्या लोकांबरोबर पबमध्ये जातो, ते ऑरेंज ज्यूस प्यायला थोडंच! आणि रेखा पोरीला घेऊन एडिनबराला आपल्या भावाकडे निघाली, तिकीट त्याचंच. घर मोडतंय आणि आपण नुसत्या बघत बसलोय. देवा, हेच दाखवायला आणलंस का मला इतक्या लांब?

आणि मग एकदम त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पिता! या घरात बापाला पिता कोण म्हणतो? सगळे डॅडी म्हणतात. पोरीला ठाऊक असलेला 'पिता' एकच, 'चहा पिता का' मधला. बिचारीला वाटत असणार, प्रार्थनेत डॅडीची चहाडी करायची आहे! त्यांना हसूही आलं आणि रडूही फुटलं.

दुसऱ्या दिवशी राजीव बूट घालत असताना त्यांनी त्याला गाठलंच.

"राजू, घरात कुणी प्यायला लागलं की पोरांच्या तोंडून देवाचं नाव निघत नाही. तुझ्या बापानं कधी शिवली नव्हती रे."

राजीवनं मान वर केली. त्याचे डोळे भरून आले होते. "आई, अगं तू..." एवढंच म्हणाला आणि बुटाची लेस आवळत बसला. "जाऊ दे."

पोटचा पोर, त्याला काय बोलणार? त्यांनी देवावरच भार टाकला. पोरीनं चारचौघांत देवाचं नाव घेतलं, तर राजूला लाज वाटेल, तो सुधारेल, सून थांबेल. बुडत्याला काडीचा आधार.

रविवारी वेम्बलीचा हॉल गच्च भरला होता. बोचरं वारं सुटलेलं, म्हणून कांताबाईंनी निघताना औषधाचा डोस जरा जास्तच घेतला होता. त्या पहिल्या रांगेत बसल्या, रेखा आणि राजीव त्यांच्या दोन बाजूंना. पाळकसाहेबांनी माइक खाली करून शिल्पासमोर धरला.

"हे स्वर्गीय..."

शिल्पा अडली. तिनं एकदा रेखाकडं पाहिलं. रेखा जागच्या जागी आक्रसली, राजीवनं मान खाली घातली. कांताबाईंना दोघांचीही दया आली. पण आता माघार नाही. त्या खुर्चीच्या पाठीला धरून उठल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "म्हण बाळा. अजिबात घाबरू नकोस. देवापासून काय लपतंय?"

शिल्पाचा चेहरा रडवेला झाला. "आजी, ममानं प्रॉमिस घेतलं आहे," ती माइकमध्ये म्हणाली. "तुम्ही पिता, ते कुणाला सांगायचं नाही. मग देवाला कसं सांगू?"