पहिला घाव

बांधाला भगदाड पडलं तेव्हा ते हातभर होतं. भागोजी वाडीतून माणसं गोळा करून येईपर्यंत ते पुरुषभर रुंद झालं. तळ्याचं पाणी तिथून खाली मठवाडीकडे धावत होतं. वाडीत अकरा घरं. बाहेर पडायची वाट ओढ्याने सकाळीच बुडवली होती. एकोणीसशे एकतीसचा श्रावण. जवळचं मोठं गाव लांजा, तेही पायी पाच तासांवर.

दगड टाकले, ते वाहून गेले. मातीची पोतीही गेली. भगदाडात आडवं बसेल असं खोड हवं होतं. भोवती सगळा उघडा कातळ. झाडं होती ती तळ्याकाठच्या देवराईत, आणि तिथली वाळकी काटकीही कोणी उचलत नसे. राईत पहिला घाव घालणारा वर्षाच्या आत मरतो, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं.

काठावरच्या किंजळीच्या झाडाखाली नऊ जण कुऱ्हाडी घेऊन नुसते निथळत उभे होते.

"मेल्यांनो, कुऱ्हाडी काय पूजेला आणल्यात?" गोदा म्हातारी ओरडली. "माझी सून बाळंतीण हाय खाली!"

"मग तूच घाल गो पहिला घाव," रघू म्हणाला.

गोदाने खरंच त्याची कुऱ्हाड धरली. तिला ती उचलेना.

तेवढ्यात मठातला बुवा धावत आला. तिशीचा, भगव्या छाटीतला. तीन वर्षांपूर्वी गुरू वारले, तेव्हापासून तो मठात एकटाच राहून राईची राखण करी. आता हा आडवा येणार, असं सगळ्यांना वाटलं. त्याने गोदाच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली.

"मी संन्यासी. माझं श्राद्ध मी केव्हाच करून बसलोय. मेलेल्याला देव काय मारणार?"

सगळ्यांनी मागे उभ्या असलेल्या आत्मारामभटांकडे पाहिलं. भटजींनी मान डोलावली. "खरं आहे. दीक्षेच्या वेळी स्वतःचे पिंड स्वतः द्यावे लागतात. शास्त्राने तो मेलेलाच."

बुवाने घाव घातला. मग बाकीच्या कुऱ्हाडी एकदम चालू झाल्या. किंजळ पडली. दोरांनी ओढून ती भगदाडात बसवली. आता दगड टिकले. पाणी अडलं, आणि माणसं आपापली घरं बघायला खाली पळाली.

बांधावर बुवा आणि भटजी दोघेच उरले. बुवा चिखलात बसला होता.

"भटजी," तो हळू आवाजात म्हणाला, "ते पिंड कसे देतात? गुरुजी अचानक गेले. माझी दीक्षा राहूनच गेली."