एकुआची जागा

माझी बायको एकुआ आमच्या एल्मिना गावच्या बाजारात धुरावलेले मासे विकायची. एकाच सिनेमात काम केलं तिनं, चेटकिणीचं. आता ती नाही, कॅसेटही कुठं मिळत नाही. भाची आराबानं इंटरनेटवरच्या विश्वकोशात त्या सिनेमाची नोंद केली, तर तिथल्या संपादकांनी ती काढून टाकायचं ठरवलं.

"मामा, ते म्हणतात, पेपरात कुठंच छापून आलेलं नाही. हा सिनेमा कुणाच्या ध्यानात असणार?"

"ध्यानात? अगं, सिनेमा बघितल्यापासून बायकांनी तिच्या हातचा मासा घेतला नाही! टोपली तशीच घरी यायची. सगळे मीच खाल्ले."

"असला पुरावा चालत नाही, मामा."

"मग इथं येऊन बघा म्हणावं. अकरा वर्षं झाली तिला जाऊन, एवढ्या गर्दीत तिच्या जागेवर अजून एकही बाई बसत नाही."

रोज बाजार भरल्यापासून उठेपर्यंत त्या जागेवर मीच जाऊन बसतो, तेवढं काही पोरीला सांगितलं नाही.